आपल्या वडीलधाऱ्यांचा आसरा कोठे शोधावा?

म्हातारपण सांगून येते, परंतु त्याची तयारी आपण ते दारात येऊन बसल्यावरच करू लागतो. मुलीच्या लग्नासाठी दहा वर्षे आधीपासून पैसा बाजूला टाकणारे कुटुंब, घरातील आजी अंथरुणाला खिळली तर तिला कोण उठवील, कोण भरवील आणि रात्री तिच्याजवळ कोण निजेल, याचा विचार सहसा करीत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून तिचा पाय घसरतो, मांडीचे हाड मोडते आणि सारे घर गोंधळून जाते. अशा गोंधळात घेतलेला निर्णय पुष्कळदा घाईचा असतो व त्याची किंमत त्या म्हातारीलाच मोजावी लागते. यास्तव पेडणे तालुक्यातील, विशेषतः हरमलसारख्या गावातील कुटुंबांना आपल्या वृद्धांसाठी कोणते साहाय्य कोठे मिळू शकते आणि ते कोणत्या क्रमाने शोधावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

गाव बदलले, घरेही बदलली

घरातील कर्त्या पुरुषाने दूर जाणे ही गोव्याला नवी गोष्ट नव्हे. आपले तारवटी वर्षानुवर्षे समुद्रावर गेले, कित्येकजण मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला गावकऱ्यांनी चालविलेल्या कुडांत राहून नोकऱ्या करीत राहिले, आणि पुढे आखाती देशांची वाट खुली झाली. परंतु त्या काळी पुरुष एकटा जाई. मागे पत्नी, भावजया, पुतणे असा परिवार असे आणि म्हाताऱ्या माणसाच्या हाकेला ओ देणारे कोणी ना कोणी घरात असे. आज मुलगा व सून दोघेही मुलाबाळांसह इंग्लंडला जातात. मागे उरते मोठे घर, आणि त्यात दोन किंवा एकच वृद्ध जीव.

2011 च्या जनगणनेत देशातील दर शंभर माणसांमागे साठी ओलांडलेली साधारण 8.6 माणसे होती. गोव्यात हेच प्रमाण 11.2 होते. मोठ्या-लहान सर्व राज्यांत केरळ तेवढे आपल्या पुढे होते. म्हणजे वृद्धांची काळजी हा आपल्याकडे एखाद्या अभागी घराचा प्रश्न उरलेला नसून तो गावाचा प्रश्न झाला आहे.

हरमलला आणखी एक अडचण आहे. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत पर्यटकांचा हंगाम असतो. खोल्या भाड्याने देणे, दुकान सांभाळणे, टॅक्सी चालविणे, खानावळीत राबणे यांत गावातील धडधाकट हात पहाटेपासून रात्रीपर्यंत गुंतलेले असतात. वाड्यावर माणसांची वर्दळ वाढली, पण आजीला नावाने ओळखून हाक मारणारी माणसे कमी झाली. गर्दीच्या मध्यभागी राहूनही माणूस दिवसभर एकटा असू शकतो, हे आपल्या किनाऱ्यावर रोज दिसते.

पहिला शोध घरातच

पुष्कळ लोक शोधाला आरंभ करतात तो वृद्धाश्रमाचा पत्ता विचारण्यापासून. वास्तविक हा शोध घरातूनच सुरू व्हावयास हवा, आणि त्यातील पहिला प्रश्न त्या वृद्ध व्यक्तीलाच विचारावयास हवा. "आई, तुला कोठे राहावेसे वाटते? कोणाचा हात लागलेला तुला चालेल? कशाची भीती वाटते?" आपण मुलांच्या शिक्षणाविषयी मुलांना विचारतो, परंतु म्हाताऱ्यांविषयीचे निर्णय त्यांच्या पाठीमागे, बाजूच्या खोलीत कुजबुजून घेतो. ज्याने हे घर उभारले, त्याला स्वतःच्याच घरात पाहुणा करून ठेवण्यासारखे हे आहे.

त्यानंतर गरज नीट पारखावी. आंघोळ, कपडे बदलणे, शौचास जाणे, अंथरुणावरून उठून खुर्चीत बसणे आणि जेवणे, या पाच गोष्टींपैकी कोणत्या त्या व्यक्तीला आपल्या आपण करता येतात व कोणत्यांना मदत लागते, हे आठ दिवस लक्ष देऊन पाहावे आणि लिहून ठेवावे. ज्याला केवळ आंघोळीपुरता हात हवा, त्याच्यासाठी सकाळी दोन तास येणारी बाई पुरे होते. ज्याला रात्री उठवावे लागते, त्याला रात्रीचे माणूस हवे. गरज न ओळखता शोधू लागले, तर एक तर खर्च व्यर्थ जातो किंवा मदत तोकडी पडते.

भावंडांनी एकदा एकत्र बसावे. परदेशी असलेल्याने फोनवरून बसावे. पैसा कोण देणार, वेळ कोण देणार, डॉक्टरकडे कोण नेणार, याची वाटणी बोलून करावी. जो पैसा पाठवितो त्याला वाटते की आपण सर्व काही केले, आणि जी सून किंवा अविवाहित मुलगी रात्रंदिवस राबते तिला वाटते की आपले कोणालाच दिसत नाही. या दोन समजुतींमधून जितकी घरे फुटली, तितकी दारिद्र्याने फुटली नसतील.

घरातील थोडी दुरुस्तीही पुष्कळ उपयोगी पडते. न्हाणीघरात व शौचालयात भिंतीला पक्की दांडी बसवावी. खाटेपासून शौचालयापर्यंत रात्री मंद दिवा असावा. सुटी सतरंजी उचलून ठेवावी, काठीच्या टोकाला रबर लावावे आणि पावसाळ्यापूर्वी पायऱ्यांवरील शेवाळ खरवडून काढावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, कारण टाच, कंबर व माकडहाड या ठिकाणी पडलेल्या जखमा एकदा वाढल्या की लवकर भरत नाहीत.

"म्हातारचळ" म्हणून सोडून देऊ नये

आजोबा तेच तेच विचारतात, रात्री उठून दार उघडतात, आपल्याच मुलाला ओळखत नाहीत, चोरी झाल्याचा आळ घेतात. आपण हसतो, चिडतो किंवा "म्हातारचळ लागला" म्हणून विषय संपवितो. पुष्कळदा तो स्मृतिभ्रंशाचा आजार असतो, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. त्याला अद्याप समूळ उपाय नाही. परंतु योग्य वागणुकीने रोग्याचे व घरच्यांचे हाल पुष्कळ कमी होतात, आणि याचा पुरावा आपल्या गोव्यातच मिळाला आहे.

डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात 81 कुटुंबांबरोबर केलेला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गावातील साध्या माणसांना थोडे शिक्षण देऊन अशा रोग्यांच्या घरी नियमाने पाठविले. या गृहसल्लागारांनी घरच्यांना आजार समजावून दिला, चिडलेल्या रोग्याला कसे शांत करावे हे शिकविले, आणि सरकारी साहाय्यासाठी अर्ज करण्यास मदत केली. त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ डॉक्टर होतेच. सहा महिन्यांनंतर, ज्या घरी असे सल्लागार जात होते तेथील शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनावरील ताण इतरांपेक्षा उतरलेला आढळला.

दुसरा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. मनाने खचू लागलेल्या 181 वृद्धांना त्यात घेतले होते. त्यांपैकी 91 जणांकडे प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेले समुपदेशक जात. ते त्यांच्या अडचणी एकेक करून सोडविण्यास, नीट झोप मिळविण्यास व प्रकृती सांभाळण्यास त्यांना मदत करीत. वर्षाअखेर या 91 पैकी 4 जणांना नैराश्याचा पुरता आजार जडला होता. ज्यांना अशी सोबत मिळाली नव्हती, अशा 90 पैकी 13 जणांना तो जडला.

वाचकहो, या आकड्यांचा अर्थ आपल्याला फार जवळचा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या दारी नियमाने येऊन बसणारा, ऐकून घेणारा व थोडे शिकलेला शेजारी हे खरोखरीचे औषध आहे, आणि ते हरमलमध्येही निर्माण करता येण्यासारखे आहे.

सरकारी साहाय्य: काय मिळते, काय मिळत नाही

आता घराबाहेरील साहाय्याकडे वळू. गोवा सरकारच्या समाजकल्याण खात्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना या शतकाच्या आरंभापासून चालू आहे. साठी पूर्ण केलेल्या, किमान 15 वर्षे गोव्यात राहिलेल्या व अन्य पुरेसे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला तिच्यातून दरमहा साहाय्य मिळते. ज्येष्ठांसाठी ही रक्कम पुष्कळ वर्षे 2,000 रुपये राहिली आहे. येथे एक सूचना करणे अगत्याचे आहे. दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर न दिल्यास हे पैसे थांबतात. अंथरुणावरील माणसाचा दाखला राहून जाण्याचा संभव सर्वांत अधिक, आणि पैशाची गरजही त्यालाच सर्वांत अधिक. तेव्हा घरातील एका व्यक्तीने ही जबाबदारी आपल्याकडे घ्यावी.

आजारपणासाठी दोन आधार आहेत. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 साली सुरू झाली. किमान पाच वर्षे राज्यात राहिलेल्या कुटुंबाला, तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसे असल्यास चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिच्यात ठेवलेले आहे. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना, श्रीमंत-गरीब हा भेद न करता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू केले. त्यासाठी आधार कार्डावरील वय धरले जाते. आधार कार्डावर जन्माचे वर्ष चुकलेले असेल, तर ते आजच दुरुस्त करून घ्यावे, कारण रुग्णालयाच्या दारात ते दुरुस्त होत नसते.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. या योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारासाठी आहेत. घरी परतल्यावर महिनोन् महिने आंघोळ घालणाऱ्या, भरविणाऱ्या, कूस बदलणाऱ्या माणसाचा पगार त्यांतून मिळत नाही. दीर्घकाळच्या शुश्रूषेचा भार अजून बहुतांशी कुटुंबावरच आहे, आणि कुटुंबाने तो गृहीत धरूनच हिशेब मांडावा.

हरमलहून आजाऱ्याला न्यावयाचे तर तुये येथील सरकारी आरोग्य केंद्र, पुढे म्हापशाचे जिल्हा रुग्णालय व त्याहून पुढे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असा क्रम लागतो. तातडीच्या वेळी 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. आपण एकटे आहोत, घरचे छळतात, कोणी टाकून दिले आहे किंवा केवळ माहिती हवी आहे, अशा कोणत्याही वृद्धासाठी 14567 हा देशभराचा मदतक्रमांक 2021 पासून चालू आहे. सकाळी 8 ते रात्री 8 पर्यंत त्यावर बोलता येते व पैसे पडत नाहीत. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावा. शेजारचे एखादे म्हातारे माणूस संकटात दिसल्यास शेजाऱ्यानेही तो फिरविण्यास संकोच करू नये.

प्रत्येक घरात पत्र्याची एक पेटी असावी आणि तीत आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, आरोग्य योजनेचे कार्ड, रहिवासाचा दाखला, घराची व जमिनीची कागदपत्रे, एक-चौदाचा उतारा आणि चालू औषधांची यादी एकत्र असावी. ती पेटी कोठे आहे हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे.

सही करण्यापूर्वी

आता थोडे अवघड बोलावयाचे आहे. किनाऱ्याजवळील जमिनीला आज जी किंमत आली आहे, ती आपल्या वडिलांच्या स्वप्नातही नव्हती. 2023 च्या आरंभापासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली, आणि पेडण्यातील जमिनीकडे अनेकांचे डोळे लागले. जेथे जमीन महाग होते तेथे म्हाताऱ्याची सही महाग होते, आणि ती सही घेण्यासाठी गोड बोलणाऱ्यांची संख्याही वाढते. कधी कधी तो गोड बोलणारा घरातलाच असतो.

आपल्या गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे आईवडिलांच्या मिळकतीतील अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव असतो. उरलेला अर्धा मात्र ते आपल्या इच्छेने कोणालाही देऊ शकतात. जिवंतपणी काही द्यावयाचेच असेल, तर हयात असेतोवर त्या घरात राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क स्वतःकडे राखून देता येते. आपल्याकडील जुने नोटरी त्याला उझुफ्रूत म्हणत. हे राखून ठेवण्यात मुलांविषयी अविश्वास नाही. उलट, पुढे कोणाच्या मनात खोट येऊ नये यासाठी घातलेले ते कुंपण आहे.

2007 सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या कायद्याने दोन मोठे अधिकार दिले आहेत. पहिला निर्वाहाचा. ज्या आईवडिलांना स्वतःच्या उत्पन्नावर जगता येत नाही, ते सज्ञान मुले व नातवंडे यांच्याकडे निर्वाह मागू शकतात. मुलगी असो वा मुलगा, दोघांवरही ही जबाबदारी आहे. ज्यांना मूलबाळ नाही, ते आपली मिळकत उपभोगणाऱ्या किंवा पुढे जिला मिळणार आहे अशा नातलगाकडे तो मागू शकतात. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणात करावयाचा असतो आणि पेडणे उपविभागाची कचेरी पेडण्यातच आहे. मूळ कायद्यात निर्वाहाची मर्यादा दरमहा 10,000 रुपये असून निकाल साधारणपणे 90 दिवसांत लागावा असे म्हटले आहे. वकील देण्याची आवश्यकता नाही. वृद्ध स्वतः जाऊ शकत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती अथवा संस्था अर्ज करू शकते.

दुसरा अधिकार मिळकतीचा. "मी तुला घर देते, तू मला सांभाळ" या अटीवर घर दिले आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते देणे रद्द करून घेता येते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट केले की अशी अट होती हे दिसून यावे लागते. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हणून तिने मुलाला दिलेली मिळकत तिला परत मिळवून दिली. यातून सामान्य माणसाने घ्यावयाचा बोध सरळ आहे. सांभाळण्याची अट तोंडी ठेवू नये. ती दानपत्रातच शब्दांनी लिहून घ्यावी. ज्याचा हेतू शुद्ध आहे, त्याला ती अट जड वाटणार नाही.

कायद्याचा सल्ला विकत घेण्याची ऐपत नसेल, तर कायदेविषयक सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. घरचे भांडण न्यायासनापुढे नेणे कोणालाच आवडत नाही, आणि धर्मगुरू किंवा वाड्यावरील एखाद्या पोक्त माणसाच्या मध्यस्थीने ते मिटत असेल तर उत्तमच. परंतु "लोक काय म्हणतील" या भीतीने उपाशी राहणे हा काही सद्गुण नव्हे. आईवडिलांना द्यावयाचे ते देवाला वाहिले असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभू येशूने किती कडक शब्दांत फटकारले, ते संत मार्कच्या शुभवर्तमानात आपण ऐकले आहे. घरच्या म्हातारीला विचारीत नाही, आणि फेस्ताला मात्र मोठी देणगी देतो, अशा माणसाने तो प्रसंग पुन्हा एकदा वाचावा.

आझिल केव्हा, आणि कसे पारखावे

वृद्धाश्रमाला आपल्याकडे आझिल म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ आश्रयाची जागा एवढाच आहे, आणि म्हापशाच्या सरकारी रुग्णालयालाही लोकांनी तेच नाव दिले. तथापि "त्याला आझिलात घातले" हे वाक्य आपण ज्या सुरात उच्चारतो, त्यात लाज भरलेली असते. ही लाज सरसकट योग्य नाही. निराधारांना आश्रय देणे हे ख्रिस्ती दयेचे जुने काम आहे. 1839 साली फ्रान्समधील सँ सेर्व्हां या गावी जान ज्यूगां नावाच्या एका गरीब स्त्रीने एका आंधळ्या, असहाय वृद्धेला आपल्या घरी आणून स्वतःची खाट तिला दिली. त्यातूनच वृद्धांची सेवा करणारा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला, 1882 साली तो कोलकात्याला आला आणि 2009 साली जान ज्यूगां यांची संतपदी प्रतिष्ठापना झाली. आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया ही सरकारी संस्था निरनिराळ्या ठिकाणी वृद्धाश्रम चालविते, आणि धर्मभगिनींनी व दानशूर मंडळींनी चालविलेली आझिलेही आहेत.

ज्याला कोणीच नाही, ज्याच्या घरी छळ होतो, किंवा ज्याची शुश्रूषा घरच्यांच्या शक्तीबाहेर गेली आहे, त्याच्यासाठी चांगले आझिल हे खरोखर घर होऊ शकते. परंतु खोली पर्यटकांना भाड्याने देता यावी म्हणून आजीची रवानगी करणे, याला कोणतेही गोंडस नाव देता येणार नाही.

आझिल निवडताना तेथे एकदा न कळविता जावे, आणि शक्यतो जेवणाच्या वेळी जावे. ताटात काय आहे, ज्यांना स्वतः जेवता येत नाही त्यांना कोण भरविते व किती धीराने भरविते, हे पाहावे. नाकाला वास येतो का, खाटांवरील चादरी कोरड्या आहेत का, रात्री किती माणसे जागी असतात, डॉक्टर कितीदा येतो, औषधे कोण देतो, हे विचारावे. तेथील दोन-तीन वृद्धांशी चालक समोर नसताना बोलावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुष्कळजण विचारावयास विसरतात. तो असा: "आज हा माणूस चालतो-फिरतो, उद्या अंथरुणाला खिळला तर तुम्ही त्याला ठेवाल काय?" कित्येक ठिकाणी फक्त आपले आपण करू शकणाऱ्यांनाच घेतात आणि माणूस खिळला की घरच्यांना न्यावयास सांगतात. हे प्रवेशाच्या दिवशी ठाऊक असले तर दुसरी सोय पाहून ठेवता येते. अनामत रक्कम किती व ती परत मिळते काय, रुग्णालयाचा खर्च कोणाचा, भेटीच्या वेळा कोणत्या आणि मरणसमयी काय व्यवस्था, हेही लिहून घ्यावे. पैसे दिल्याची पावती प्रत्येक वेळी घ्यावी.

आणि आझिलात ठेवल्यावर कर्तव्य संपले असे समजू नये. ज्याच्याकडे नियमाने माणसे येतात, त्या वृद्धाची काळजी तेथील सेवकही अधिक घेतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

धर्मग्राम काय करू शकतो

केरळमधील कोझिकोडे येथे 1993 साली काही डॉक्टरांनी असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्याचे काम आरंभिले. थोड्याच वर्षांत त्यांना कळून आले की रोगी दवाखान्यात फार थोडा वेळ असतो व बाकी सारा काळ घरी काढतो. तेव्हा मलप्पुरम जिल्ह्यात व आसपास गावोगावच्या साध्या माणसांनी शिक्षण घेऊन आठवड्यातून काही तास शेजारच्या आजाऱ्यांना देण्याचे व्रत घेतले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्वजण त्यात होते. 2008 साली केरळ सरकारने या कामाचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. तेथील गावे आपल्याहून श्रीमंत होती असे नव्हे. त्यांनी एवढेच केले की मदत कोणाला हवी आहे आणि कोण देऊ शकेल, या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या.

आपल्याकडे यातील पहिली यादी जवळजवळ तयारच असते. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी पवित्र कम्युनियन नेण्याची प्रथा बहुतेक धर्मग्रामांत आहे, म्हणजे कोणत्या वाड्यावर कोण खिळलेले आहे हे धर्मगुरूंना ठाऊक असते. दुसरी यादी करावयाची उरते. आठवड्यातून दोन दुपारी कोण जाऊन बसेल? बँकेत किंवा मामलेदार कचेरीत कोण सोबत जाईल? कोणाची गाडी म्हापशापर्यंत उपयोगी पडेल? अर्ज भरून देण्याइतके शिक्षण आज प्रत्येक वाड्यावरील मुलामुलींना आहे. आणि ज्या घरात एकच स्त्री रात्रंदिवस शुश्रूषा करते, तिला रविवारी निश्चिंतपणे मिस्साला जाता यावे म्हणून दोन तास कोण तिच्या जागी बसेल? सेवा करणारीची सेवा ही आपल्याकडून सर्वाधिक राहून जाते. ती स्वतः आजारी पडली म्हणजे एकाच घरात दोन रोगी होतात.

अशी यादी फक्त आपल्या धर्माच्या घरांपुरती ठेवू नये, हे सांगावयास नकोच. हरमलच्या वाड्यांवर हिंदू व ख्रिस्ती घरे पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत आली आहेत, आणि म्हाताऱ्या शेजारणीला पेज नेऊन देताना कोणी तिचा धर्म विचारला नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलै महिन्यातील चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून पाळावयास सांगितले. त्या दिवशी चर्चमध्ये त्यांना फुले देणे चांगलेच. परंतु चर्चपर्यंत येऊ न शकणारे जे आहेत, ते त्या दिवशीही घरीच असतात. या वर्षी त्या रविवारपूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. घरातील वृद्धांना त्यांची इच्छा विचारावी, कागदपत्रांची पेटी लावावी आणि आपल्या वाड्यावर एकटे राहणाऱ्या एका तरी म्हाताऱ्याच्या दारात जाऊन बसावे. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही. पाय घसरण्याचा तो दिवस आलाच, तर ज्या घरात व वाड्यावर हे आधी झालेले असेल, तेथील म्हातारीला आपले काय होणार हे दुसऱ्यांच्या कुजबुजीवरून ओळखण्याची पाळी येणार नाही.